खारातली जमीन गोडी होईपर्यंत

कडावच्या शाळेत भूगोल शिकवताना दर भाद्रपदात मी एकाच धड्यापाशी अडखळतो. नदी डोंगरात उगम पावते, मैदानातून वाहते आणि समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी गाळ साचून त्रिभुज प्रदेश तयार होतो. मुलं हे एका सुरात पाठ म्हणतात. बाहेर पाऊस कोसळत असतो, पडवीत ओल्या इरल्यांचा वास भरलेला असतो, आणि माझ्या मनात येतं, हे ज्यानं लिहिलं त्यानं नदीचं मुख कधी पाहिलं असेल का? पाहिलं असेल तर लांबून, बोटीत बसून. मी फळ्यावर तो त्रिकोण काढतो, मुलं पाटीवर काढतात, आणि पुढचा धडा सुरू होतो.

यंदा श्रावण संपल्यापासून उघडीप नाही. कडावची भातं गळ्यापर्यंत पाण्यात उभी आहेत. काल एका मुलाचा बाप त्याला न्यायला आला, ओल्या अंगानं दारातच थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, आता पुरं झाला की हा पाऊस. भात पार कुजंल." मी हो हो म्हटलं. त्याचं खरंच होतं. पण जास्त पावसाला नावं ठेवणं मला जमत नाही; आमच्या घरातली ती सवय मोडली ती मोडलीच. पाऊस वाढला की मला अजून आत कुठंतरी बरं वाटतं, आणि मग ध्यानात येतं की आता बरं वाटायचं काही कारण उरलेलं नाही. त्यानंतर दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

आम्ही मूळचे इकडचे नाही. इकडचं पाणी उल्हास नदीला जातं. आम्ही खालापूरकडचे, कुंभिवलीचे, पाताळगंगेच्या बाजूचे. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात ती नदी नुसती गोट्यांची असायची. पुढं वर खोपोलीला वीजघर झालं, डोंगरावरच्या तळ्यांचं पाणी मोठाल्या नळांतून खाली यायला लागलं आणि नदी बारमाही झाली. चैत्रातसुद्धा बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून धुणी धुवायला लागल्या. गावाला त्याचं भारी कौतुक. ते पाणी खाली खाडीपाशी जाऊन काय करत असेल, हा विचार कुणी केला नाही. का करील? शिवेबाहेर गेलेल्या पाण्याशी आपला संबंध संपला, असंच आम्ही सगळे धरून चालायचो.

माझी थोरली बहीण बायजा त्या पाण्याच्या वाटेनंच गेली. तिला मी आक्का म्हणायचो. तिला खारात दिली. आपट्याच्या खाली, जिथं नदीची खाडी होते, तिथलं एक गाव. मुलगा सरळ, घर खाऊनपिऊन बरं, आणि सासरे धर्माबाबा म्हणजे गावात शब्दाला वजन असलेला माणूस. लग्न ठरवायला आबा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा धर्माबाबांनी त्यांना शेत दाखवलं. सपाट, काळं, औषधालाही खडा नाही. आबांनी चिमूटभर माती उचलून चोळली, हुंगली. धर्माबाबा हसले.

"वळखीची वाटली का? तुमच्याच डोंगराची हाय ती. तुमी वरनं धाडता, आमी हितं धरून ठेवतो."

आबांना हे बोलणं इतकं आवडलं की घरी येऊन त्यांनी ते आईला पुन्हा पुन्हा सांगितलं. पोर परक्या मातीत चालली नाही, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं.

धरून ठेवतात म्हणजे काय करतात, ते मी पुढं भाऊबीजेला जायला लागलो तेव्हा पाहिलं. भरतीबरोबर गाळ येऊन बसतो, चिखलाची पट्टी वर येते, तिच्यावर तिवरं उगवतात. ती चांगली उंच झाली की गाव मिळून तिच्याभोवती चिखलाचा जाडजूड काठा घालतं. बाहेर खाडी, आत शेत. काठ्यात एक लाकडी दार असतं, त्याला उघडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून आत साचलेलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती चढायच्या आत लावून घ्यायची. असे कितीतरी पावसाळे त्या जमिनीतलं मीठ धुऊन नेतात, तेव्हा कुठं तिथं भात येतं. अशा जमिनीला ते गोडी जमीन म्हणतात. आमच्याकडं जमीन चांगली असते, हलकी असते, पण गोडी असते हे मी तिथं प्रथम ऐकलं.

आणि एवढं करून खाडी काही एका जागी बसत नाही. आक्काच्या लग्नानंतर तिचा मोठा प्रवाह सरकत सरकत काठ्याच्या टोकाच्या कोपऱ्याला भिडला होता आणि तो कोपरा कुरतडत होता. कुणी म्हणायचं, वरून उन्हाळ्यातही पाणी येतं, त्याचा हा परिणाम. कुणी म्हणायचं, कोळशासाठी ठेकेदारांनी डोंगर बोडके केले, माती फार यायला लागली, म्हणून मध्येच रेतीचा दांडा पडला आणि पाणी कडेला वळलं. धर्माबाबांचं मत होतं की कोपरा खाडीला देऊन टाकावा आणि मागं सरून नवा काठा घालावा. ज्यांची शेतं कोपऱ्यात होती ते विचारायचे, आमचीच का द्यायची? दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे निकाल लागत नव्हता. दर उधाणाला, म्हणजे अवस-पुनवेच्या मोठ्या भरतीला, सगळं गाव त्या कोपऱ्यात चिखल ओतत राहायचं. हाक पडली की घरटी माणूस गेलाच पाहिजे, मग घरात आजारी माणूस असो नाही तर लग्न.

हाक नसायची ती फक्त पाहुण्याला. त्यातून पाहुणा व्याही असेल तर विचारूच नका. व्याह्याचे पाय चिखलात गेले म्हणजे घराची अब्रूच चिखलात गेली, असा तिथला मामला. चांगली रीत आहे. मी तिला कितीही शिव्या घातल्या तरी ती चांगलीच आहे.

त्या वर्षी आबा आक्काला गौरीसाठी माहेरी आणायला गेले आणि पावसात अडकले. वर घाटात धो धो चाललेलं, नदीला लोंढा, आणि पिठोरी अवसेचं उधाण तोंडावर. आबांना ओटीवर घोंगडी अंथरलेली, चहा, विडी, गरम भाकरी. पण तो माणूस उजाडल्यापासून हाताला काम लागणारा. बसून बसून त्यांना अंग आंबल्यासारखं झालं. मीही काठ्यावर येतो, असं त्यांनी म्हणून पाहिलं, तर धर्माबाबांनी चक्क हात जोडले.

"व्याही, तुमी बसा. लोकं आमाला हसतील."

अवसेच्या सकाळी गावातले सगळे पुरुष कोपऱ्याकडं गेले. न्याहारी घेऊन बायका मागोमाग गेल्या, त्यांत आक्का. आबा एकटे उरले. ते उठून घरामागच्या शेताकडं गेले. लावलेलं भात पाण्याखाली गेलेलं, कुठंकुठं नुसते शेंडे. वरच्या लोंढ्यातून आलेलं एक झाडाचं खोड उघडीच्या तोंडाशी अडकलं होतं, त्यामुळे पाणी बाहेर जायचं ते चोरपावलानं जात होतं. आणि काठ्यापलीकडं पाहतात तर ओहोटी. खाडी पार खाली, चिखल उघडा, त्यावर बगळे चरताहेत. आत तुडुंब, बाहेर रिकामं.

आमच्याकडच्या कुणाही शेतकऱ्याला हे दाखवा, त्याचा हात फावड्याकडंच जाईल. भात बुडायला लागलं की बांध फोडायचा, पाणी खालच्याच्या शेतात सोडायचं, त्यानं त्याच्या खालच्याच्या, शेवटी नदीत. पाणी उतरलं की चार फावडी चिखल मारून बांध पुन्हा नीट करायचा. आबांनी जन्मभर हे केलेलं, त्यांच्या वडिलांनी केलेलं. लेकीचं भात डोळ्यांसमोर बुडत होतं, विचारायला घरात कुणी नव्हतं, आणि फावडं भिंतीला टेकून उभं होतं.

पाणी कसं झोकात निघालं, ते आबा आम्हाला सांगायचे. सुरुवातीला तर हातभर रुंदीचीच वाट, पण भाताचे शेंडे बघता बघता वर आले. पोरीच्या सासरी आपण काहीतरी कामाला आलो म्हणून त्यांना इतका आनंद झाला की ते काठ्यावरच विडी ओढत बसले. मग त्यांनी वाट बुजवायला घेतली. एक फावडं टाकलं, पाण्यानं नेलं. दुसरं टाकलं, तेही नेलं. कडेचे ढेकळांचे थर आपोआप कोसळायला लागले. थोड्या वेळानं पाणी थांबलं. आबांना हायसं वाटलं.

"थांबलं," आबा सांगायचे, "आन मंग उलटं आलं."

हे वाक्य त्यांनी आमच्या घरात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. जेवताना म्हणायचे, बैलांना पाणी दाखवताना म्हणायचे. त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी नेहमी एकाच दिशेला गेलेलं होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसानं, गेलेलं पाणी परत फिरताना तोवर पाहिलं नव्हतं.

दुपारचं उधाण त्या वाटेनं आत शिरलं. पुरुष आरडाओरडा करत धावत आले तोवर बैलगाडी जुंपून घालता येईल एवढी खांड पडली होती. सगळ्यांत पुढं धर्माबाबा. त्यांनी काठ्यावर पडलेलं फावडं पाहिलं, आबांना पाहिलं. फावडं उचलून पाण्यात खळखळून धुतलं आणि आपल्या मुलाच्या हातात दिलं. मागून आलेल्यांनी विचारलं, कशानं गेला काठा?

"खेकड्यांनी," धर्माबाबा म्हणाले. "आतनं पोखरला व्हता. मी म्हनतच व्हतो."

खेकडे काठे पोखरतात, ते खोटं नाही. आबांनी बोलायला तोंड उघडलं, तर धर्माबाबांनी त्यांचं मनगट धरलं. "व्याही, घरी चला. भिजलासा." ते मनगट किती घट्ट धरलं होतं, ते आबांनी माझं मनगट धरून दाखवलं. मला कळ आली.

संध्याकाळी आक्कानं आबांचं धोतर धुवायला घेतलं. काठ्याच्या पोटातला चिखल निळसर काळा असतो आणि तो सहजी निघत नाही. ती तो चिखल ओळखत होती.  पुन्हा पुन्हा घासत राहिली. गौरीला ती माहेरी आली नाही. काठा फुटलेल्या घरची सून अशी निघून येत नसते. आबा एकटेच परत आले आणि चुलीसमोर बसून आईला नि मला त्यांनी सगळं सांगितलं. आई रडली. मला रडू आलं नाही, कारण खारं पाणी शेतात आलं म्हणजे काय झालं, ते मला तोवर नीटसं कळलंच नव्हतं.

ते दिवाळीत कळलं. भाऊबीजेला मी गेलो तर शेतात काळ्या कुजक्या काड्या आणि जमिनीवर मिठाची पांढरी खपली. एकट्या आक्काच्या घरचं नाही, त्या काठ्यातल्या सगळ्या घरांचं. खांड गावानं मिळून बुजवली होती. पण प्यायचं तळंही खारट झालं होतं आणि बायका दूरच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. मी आक्काबरोबर तिथं गेलो. रांगेत उभ्या असलेल्या बायका खेकड्यांचा उद्धार करत होत्या. मेला, हलकट, त्याचं तळपट होवो. आक्का घागर कमरेवर घेऊन "व्हय गं, व्हय गं" म्हणत उभी होती. परतताना वाटेत तिनं घागर खाली ठेवली.

"आयकलंस ना रं? रोज हेच हाय. त्या खेकड्याला शिव्या देतात, नि मी व्हय म्हनते."

मी म्हटलं, "आक्का, चल घरी. चार दिवस तरी चल."

"मी नाय येनार. आले तर माज्यानं परत निघवनार नाय. आन आबाला सांग, त्यानं बी हिकडं येऊ नको. तो भोळा हाय. कुनी नुसतं कसा हायस म्हनलं तरी सगळं बोलून टाकील. मंग मामांजीचा शब्द गेला, आन मला हितं त्वांड दाखवायला जागा नाय."

"किती दिवस असं?"

"जमीन गोडी हुईपरेंत. येकदा भात घरात आलं की लोकं इसरतील. मंग ये म्हनावं. मीच सांगावा धाडीन."

मी घरी येऊन निरोप सांगितला. आबांनी ऐकून घेतला. मग एवढंच विचारलं, जमीन गोडी कशानं होते? मी म्हटलं, पावसानं. जितका जास्त, तितकी लवकर.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात पावसाचा अर्थच फिरला. आकाश भरून आलं की आबा ओटीवर येऊन बसायचे. पुनर्वसू कोरडा गेला की त्यांना जेवण जायचं नाही. भादव्यात गावातले लोक देवाला नारळ ठेवून पाऊस थांबव म्हणत, तेव्हा आबा मनातल्या मनात आणखी मागत असत. एका वर्षी आमचंच तयार भात आडवं होऊन चिखलात मोडलं आणि आबा पावसाकडं बघून चक्क हसले. आई भडकली.

"घरचं सोनं कुजतंय आन तुमी दात काय काढताय वो?"

"तिकडं धूऊन निघत आसंल," आबा म्हणाले.

 मग आईही बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसली. पावसाकडं बघत बसलेली ती दोघं मला आजही दिसतात, आणि वाटतं, इतकं वेडं कुणी कुणासाठी होऊ नये. गावात त्यांचं नाव पडलं होतं, पावसाचा व्याही. लोक थट्टेनं म्हणायचे, "काय व्याही, यंदा पाहुना लौकर येतोय का?" आबा थट्टा मनावर घ्यायचे नाहीत. त्यांना थट्टेतही पावसाची बातमी हवी असायची.

खरी बातमी आणायचा हसनभाई. खाडीकाठचा हा गृहस्थ सुकी मासळी घेऊन खालापूरच्या बाजाराला यायचा. आक्काच्या गावावरूनच त्याची वाट. आबा मासळी घ्यायचे थोडी, बसायचे फार.

"खारातलं कसं हाय?"

"आबा, आजून मीठ हाय. यंदा थोडं गवत धरलंय."

"आन मानसं?"

"मानसं बरी हायत. तुमची लेक दिसली व्हती काठ्याव. बारीक झालीय."

मग पुढच्या बाजारापर्यंत आबा तेवढ्यावर काढायचे. गवत धरलं म्हणजे चांगलं की वाईट, यावर आमच्या घरी कितीतरी बोलणं चालायचं. मी दिवाळीला जाऊन यायचो तेव्हा तर मला आल्या आल्या पाणी देण्याआधी विचारायचे, माती चाखलीस का? मी चाखलेली असायची. दोन वर्षं मी त्यांना खरं सांगितलं, आणि तिसऱ्या वर्षीही खरंच सांगितलं, की पहिल्याइतकी खारट लागत नाही.

चौथ्या पावसाळ्यात हसनभाईनं बातमी आणली की राता लावलाय. हे खारटपणा सोसणारं तांबडं भात. खारात पहिलं पीक त्याचंच घेतात. गुडघ्याएवढा आलाय, म्हणाला. आबांनी त्या दिवशी अख्खी टोपली मासळी घेतली. त्या वर्षी पाऊसही मनासारखा झाला. पाताळगंगा दुथडी भरून चालली होती. आबा शेतावरून येताना नदीकाठी थांबायचे आणि गढूळ पाण्याकडं असे बघायचे, जणू आपल्या हातानं लेकीला काही धाडताहेत. आपली माती, आपलं पाणी, सगळं तिच्याकडं चाललंय. मला वाटतं, त्या चार वर्षांत ते सुखी होते ते तेवढेच दिवस.

अश्विनात हसनभाई बाजाराचा दिवस नसताना आमच्या दारात आला. डोक्यावर टोपली नव्हती. आईला कळलं, ती आतूनच ओरडली. हिवताप. खारात त्या वर्षी घरोघर होता. आक्काला जेमतेम आठवडा काढता आला. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलंही होतं.

तेराव्याला आबा नि मी गेलो. खोपोलीच्या चढावर कधी पाय ओढले नसतील तसे आबांचे पाय ओढत होते. चार पावसाळे ज्या वाटेची त्यांनी आस धरली तीच वाट. काठ्यावर आलो तर आत सगळीकडं राता उभा, निसवलेला, वाऱ्यानं सळसळत होता. जमीन गोडी झाली होती. आबा खाली वाकले आणि त्यांनी चिमूटभर माती तोंडात घातली. मी तिकडं बघू शकलो नाही.

विधी झाले, माणसं जेवून उठली. शेजारची राहीकाकू आबांजवळ येऊन बसली. आक्काच्या आजारात रात्रंदिवस तीच तिच्या उशाशी होती.

"चार वर्सं कुटं व्हतास रं बाबा?" ती म्हणाली. "लेक तापात आबा आबा करत व्हती."

 ज्याची आक्काला भीती होती ते मग झालं. आता राखायचं तरी कुणासाठी होतं?

"बाय," आबा म्हणाले, "त्यो काठा खेकड्यांनी नाय फोडला. मी फोडला."

राहीकाकूनं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ना राग दिसला ना नवल.

"ठावं हाय की," ती म्हणाली. "साऱ्या गावाला ठावं हाय. खेकडा काय फावड्यागत सरळ काप घेतो? पयल्या दिवशीच कळलं."

"मंग कुनी बोललं कसं नाय?"

"धर्मा खेकडा म्हनाला, आमी बी खेकडा म्हनलं. तू चांगल्यापायी केलंस, ते दिसतच व्हतं. पर पोरगी नवी, तिला कळलं तर मान खाली घालून जगंल म्हनून आमी ठरवलं, तिला पत्ता लागू द्यायचा नाय. ती हिरीव आली की आमी मुद्दाम मोठ्यानं खेकड्याला शिव्या द्यायचो. ती बी व्हय व्हय म्हनायची. आमाला बरं वाटायचं, तिला काय ठावं नाय म्हनून."

मी धर्माबाबांकडं पाहिलं. ते खांबाला टेकून बसले होते, मान खाली. त्यांनाही ठाऊक नव्हतं की सुनेला ठाऊक आहे. एका घरात चार वर्षं.

"मला वाटायचं, तू लाजून येत नायस," राहीकाकू म्हणत होती. "सांगावा धाडावा असं लई वेळा मनात आलं. पर बोलवलं आन तू तिच्यासमोर बोललास तर? म्हनून नाय धाडला."

 आबांनी डोक्याचं मुंडासं सोडलं आणि तोंडावर धरलं. मला त्या गावातल्या सगळ्या भल्या माणसांचा त्या क्षणी भयंकर राग आला. अजूनही येतो. एकानं जरी वाईटपणा केला असता, एकीनं जरी विहिरीवर टोमणा मारला असता, तरी बहीण माझी रडली असती, भांडली असती, आणि बापाला भेटली असती. सगळ्यांनी मिळून इतकं सांभाळलं की तिला रडायलासुद्धा जागा ठेवली नाही. आणि ती तरी काय वेगळं करत होती? तीही सांभाळतच होती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी शिकून मास्तर झालो, कडावला बदली झाली. आई गेली. खारातला तो कोपरा अखेर गावानं सोडून दिला आणि मागं सरून नवा काठा घातला. सोडलेल्या शेतांत तिवरं माजली आहेत. धर्माबाबा नाहीत. दाजींनी दुसरं लग्न केलं, त्यांना मुलं झाली. पावसाळा आला की मुलं तोच धडा म्हणतात, नदी समुद्राला मिळते. मी त्यांना एकदा सांगून पाहिलं की बाळांनो, मिळते म्हणजे काही ठिकाणी समुद्रही नदीत येतो, रोज दोनदा. ती हसली. डोंगराखालच्या पोरांना ते खरं वाटत नाही.

आबा सत्तरीला आले आहेत. गुडघे दुखतात, डोळ्याला कमी दिसतं. तरी दर भाद्रपदात, पाऊस ऐन भरात असताना, ते घोंगडी घेऊन खारात जातात. या वर्षीही परवाच गेले. दाजींची दुसरी बायको त्यांना आबाच म्हणते, भाकरी करून वाढते, तिची पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळतात. महिना महिना राहतात. परत या म्हणून मीच निरोप धाडतो, तेव्हा कुठं निघतात. तिकडची माणसं त्यांना सोडत नाहीत. त्या गावात त्यांना येऊ नको म्हणणारं कधीच कुणी नव्हतं, एका आक्काखेरीज.